कामावर इजा झाली तर: भरपाईची वाट, दवाखान्यापासून वसुलीपर्यंत

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये बोटे जातात, इचलकरंजीत मागाच्या पट्ट्यात हात सापडतो, तारापूरला केमिकलने अंग भाजते, कुठे स्लॅबच्या कामावरून माणूस खाली येतो. अपघात निरनिराळे, पण नंतरचा घोळ एकसारखाच. मालक दवाखान्याचे बिल भरतो, ‘आधी बरा हो, मग बघू’ म्हणतो, दोन-चार कागदांवर सह्या घेतो. पुढे वर्षभराने कळते की आपण तिथे कामाला होतो याचाच पुरावा आपल्याकडे नाही.

भरपाईचा दावा तीन गोष्टींवर उभा राहतो. तुम्ही त्या मालकाचे कामगार होतात, इजा कामामुळे आणि काम करताना झाली, आणि तिच्यामुळे तुमची कमाईची ताकद इतकी घटली. चूक कोणाची होती हा प्रश्न इथे बहुतेक वेळा गौण असतो, जरी मालक सगळ्यात आधी तोच काढत असला तरी.

एक तारीख ध्यानात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा व १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे वर्गणीवर चालणारा कामगारांचा सरकारी विमा) कायदा तिच्यात सामावले गेले. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर हक्क जुन्या कायद्याने ठरतो, नंतरचा असेल तर संहितेने. हिशेबाचे सूत्र, दोन वर्षांची मुदत, १२ टक्के व्याज हा गाभा दोन्हीकडे सारखाच आहे. न्यायालयात आणि वकिलांच्या बोलण्यात अजून जुनीच नावे चालतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत.

## १. दवाखान्यात पोचताच: ‘कसे लागले?’ याचे उत्तर

बोट तुटले असेल तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ मांसाला थेट लागू देऊ नका.

यानंतरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अपघात विभागातला डॉक्टर केसपेपरवर काय लिहितो ती. तो विचारतो, ‘कसे लागले?’ आणि बहुतेक वेळा सोबत आलेला सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस उत्तर देतो. ‘घरी पडला’, ‘गाडीवरून घसरला’, ‘दारात बोट चेमटले’ असे काहीही लिहिले जाते. चार वर्षांनी उलटतपासणीत मालकाचा वकील हाच कागद वर काढतो. म्हणून जखमी शुद्धीवर असेल तर त्यानेच सांगावे, नसेल तर नातेवाइकाने किंवा शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याने सांगावे, की अमुक कंपनीत, अमुक मशीनवर काम करताना, अमुक वाजता लागले. मग कागद वाचून घ्या. चुकीचे लिहिले असेल तर लगेच दुरुस्ती मागा. चार दिवसांनी केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते.

एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या इजेची रुग्णालयातली नोंद) नोंदवायला सांगा आणि नंबर लिहून घ्या. एमएलसी झाली की रुग्णालय पोलिसांना कळवते, पोलीस जबाब घेतात आणि घटनास्थळाचा पंचनामा होऊ शकतो. छोट्या खासगी दवाखान्यात मालकाच्या ओळखीमुळे एमएलसी टाळली गेली असेल, तर नातेवाइकाने स्वतः पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोबत्याकडून मशीनचे फोटो मागवा. गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेले आवरण) होता का, सेन्सर बंद करून ठेवला होता का, दोन हातांनी दाबायची बटणे एकाच हातावर आणली होती का, हे फोटोत दिसले पाहिजे. आठवडाभरात नवा गार्ड बसतो आणि जुनी परिस्थिती होती यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, ‘आज नाइटला ये’ असे व्हॉइस मेसेज, पगाराच्या दिवशीचे फोन यांतले काही पुसू नका. फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

## २. तुमचा रस्ता कोणता: ईएसआय की नुकसानभरपाई?

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का ते पाहा. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल (अपंग कामगारांसाठी २५,०००) आणि आस्थापना ईएसआयखाली येत असेल, तर तुमचा रस्ता ईएसआयचा. मग मालकाविरुद्ध नुकसानभरपाई कायद्याखाली दावा चालत नाही. दोन्हीकडून घेता येत नाही आणि आवडीप्रमाणे निवडताही येत नाही.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे वेतन मर्यादेपेक्षा जास्त आहे, आस्थापना छोटी आहे किंवा त्या कायद्याखाली येतच नाही, तर नुकसानभरपाईचा रस्ता.

या दोहोंच्या मधे एक खड्डा आहे. कारखाना ईएसआयखाली यायला हवा होता, पण मालकाने तुमचे नावच कळवले नाही, किंवा अपघातानंतर घाईघाईने कळवले. अशा वेळी ‘तुझा नंबर नाही, म्हणून काही मिळणार नाही’ हे ऐकून घरी बसू नका. ज्याच्यासाठी वर्गणी भरणे बंधनकारक होते, तो वर्गणी भरली नसली तरी विमाधारकच. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आहे. ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि सोबत कामावर कधीपासून होतात याचा पुरावा जोडा. न भरलेली वर्गणी मालकाकडून वसूल करणे हे ईएसआय महामंडळाचे काम, तुमचे नाही.

## ३. ईएसआय असेल तर

मालकाने अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये ईएसआयला द्यायचा असतो. मृत्यू झाला असेल तर ताबडतोब, एरवी सूचना मिळाल्यापासून २४ तासांत. तो भरला गेला का, हे शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. मालक भरत नसेल तर तुम्ही लेखी कळवा आणि पोच घ्या.

इथला नेहमीचा सापळा असा की सुपरवायझर ‘सिकमध्ये टाक’ म्हणतो, म्हणजे इजेची रजा आजारपणाची म्हणून दाखवायची. फरक मोठा आहे. आजारपणाच्या लाभात वेतनाच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्यासाठी आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. कामावरच्या इजेच्या तात्पुरत्या अपंगत्व लाभात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के मिळतात, बरे होईपर्यंत, आणि वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामावर पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून अपंगत्व किमान ३ दिवस टिकले पाहिजे, एवढेच. आणि एकदा ‘सिक’ म्हणून नोंद झाली की पुढे कायमच्या अपंगत्वाची पेन्शन मागताना अपघात सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

उपचार संपल्यावर कायमचे व्यंग राहिले असेल तर मेडिकल बोर्डाकडे पाठवण्यासाठी अर्ज करा. तो आपोआप होईल असे धरून चालू नका. बोर्ड कमाईच्या ताकदीतली घट टक्क्यांत ठरवते आणि त्या प्रमाणात पेन्शन मिळते. ढोबळ हिशेब असा. दैनिक वेतन ६०० रुपये असेल तर पूर्ण दर त्याच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. घट ३० टक्के ठरली तर रोजचे १६२, म्हणजे महिन्याला ४,८६० रुपयांच्या आसपास, आयुष्यभर. तुम्ही पुन्हा कामाला लागलात तरी ही पेन्शन थांबत नाही. टक्केवारी कमी वाटली तर बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते.

## ४. ईएसआय नसेल तर: रकमेचा हिशेब

हा हिशेब स्वतःला करता आला पाहिजे, कारण तडजोडीच्या टेबलावर ‘एक लाख घे आणि मोकळा हो’ म्हणतात तेव्हा खरा आकडा माहीत असणे हेच हातातले बळ असते.

हिशेबाला तीन आकडे लागतात: मासिक वेतन, वयानुसारचा गुणक आणि कमाईच्या ताकदीतली घट.

वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधीच्या अपघातांना ८,००० ची मर्यादा लागते. उलट बाजूने, मालकाने पगार कागदावर ६,००० दाखवला असेल तर त्या कामाचे त्या वेळचे किमान वेतन किती होते त्याची अधिसूचना न्यायालयात दाखल करा. ओव्हरटाइमही वेतनात धरायला सांगा.

गुणक कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात वयानुसार दिला आहे. अपघाताच्या आधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेले वय धरायचे. वय २० असेल तर २२४.००, २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९, ५५ ला १३५.५६, ६० ला ११७.४१. मधल्या प्रत्येक वर्षाचा आकडाही तक्त्यात आहे. आधार कार्डावर अनेकांची जन्मतारीख सरसकट १ जानेवारी असते. शाळेचा दाखला वेगळे वय सांगत असेल तर तो आधीच काढून ठेवा, एका वर्षाच्या फरकाने रक्कम हलते.

कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर वेतनाचे ६० टक्के गुणिले गुणक. मृत्यू झाला तर वेतनाचे ५० टक्के गुणिले गुणक. जुन्या कायद्यात यांच्या किमान रकमा अनुक्रमे १,४०,००० आणि १,२०,००० आहेत, पण आजच्या वेतनांवर हिशेब सहसा त्यांच्या पुष्कळ वरच जातो. अंशतः कायमचे अपंगत्व असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेवर घटीची टक्केवारी लावायची.

उदाहरण घेऊ. प्रेस ऑपरेटर, वय ३०, पगार १८,०००, एका हाताची तीन बोटे गेली. वेतन धरायचे १५,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. तीन बोटांसाठी परिशिष्टात ३० टक्के, म्हणून ५,६१,५४६ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, म्हणजे दर वर्षी सुमारे ६७ हजारांची भर. मालकाने विनाकारण टाळाटाळ केली असे दिसले तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

बरे होईपर्यंतच्या काळासाठी वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर अर्ध्या महिन्याला मिळते, जास्तीत जास्त ५ वर्षे. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकले तर पहिल्या दिवसापासून, कमी टिकले तर पहिले ३ दिवस सोडून.

उपचाराचा खर्च यापेक्षा वेगळा. तो प्रत्यक्ष जितका झाला तितका मालकाने द्यायचा असतो आणि भरपाईतून वजा करता येत नाही. ‘ऑपरेशनला दीड लाख घातले, ते यातच आले’ हे मालकाचे आवडते वाक्य कायद्याला मान्य नाही. मात्र बिले तुम्ही भरली असतील तर मूळ पावत्या लागतात. औषधाच्या दुकानाच्या पावत्यांची शाई महिन्यांत उडते, त्यांची झेरॉक्स लगेच काढा.

## ५. टक्केवारी: दाव्यातली खरी झुंज

परिशिष्टात ठरावीक इजांची टक्केवारी दिलेली आहे. पूर्ण अंगठा ३०, एका हाताची चार बोटे ५०, दोन बोटे २०, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, पूर्ण पंजा किंवा अंगठ्यासकट चारही बोटे ६०, एक डोळा गेला आणि दुसरा ठीक असेल तर ४०. कोणते पेर कुठून तुटले यावर आकडा बदलतो. तर्जनीची दोन पेरे गेली तर ११, एक गेले तर ९. म्हणून एक्स-रे आणि ऑपरेशनची नोंद या दोन कागदांना फार किंमत आहे.

पण हे आकडे म्हणजे शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या दाव्यात सांगितले की डावा हात कोपराच्या वर कापल्यावर तो सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून परिशिष्टात काहीही असले तरी त्याची घट १०० टक्के. तुमचा दावाही असाच मांडायचा असतो: मी काय काम करत होतो, त्याला कोणत्या हालचाली लागतात, आता त्यातले काय जमत नाही. वॉचमनची दोन बोटे जाणे आणि वेल्डरची दोन बोटे जाणे सारखे नाही.

परिशिष्टात नसलेल्या इजांसाठी, म्हणजे मणका, भाजणे, डोक्याचा मार, सांधा आखडणे यांसाठी, पात्र डॉक्टरने कमाईच्या ताकदीतली घट लिहून द्यावी लागते. जिल्हा रुग्णालयातून मिळणारे अपंगत्वाचे प्रमाणपत्र शरीराचे किती टक्के व्यंग आहे ते सांगते. कमाईची घट हा वेगळा आकडा आहे. नुसते पहिले प्रमाणपत्र जोडून अनेक दावे लंगडे पडतात. प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला येईल का, हे आधी विचारा. तो आला नाही तर कागदाला फारसा अर्थ राहत नाही.

मालकाने फुकट तपासणीसाठी डॉक्टर नेमला तर जा. नकार दिला तर तुमचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो.

## ६. नोटीस आणि अर्ज

मालकाला लेखी नोटीस शक्य तितक्या लवकर द्या: नाव, पत्ता, अपघाताची तारीख, जागा, कारण. पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि प्रत ठेवा. ठेकेदाराचे कामगार असाल तर नोटीस ठेकेदाराला आणि मूळ कंपनीला, दोघांनाही. कंपनीच्या आवारात, कंपनीच्याच धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेतले जात असेल तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. त्याने ती पुढे ठेकेदाराकडून वसूल करावी.

दाव्याची मुदत अपघाताच्या किंवा मृत्यूच्या तारखेपासून २ वर्षे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. ‘तुला हलके काम देतो, केस करू नको’ म्हणून कामावर ठेवतात आणि दोन वर्षे उलटली की काढतात, हा प्रकार औद्योगिक पट्ट्यांत सर्रास चालतो. नोकरी टिकवायची म्हणून थांबणार असाल तरी तेवीसाव्या महिन्याच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे.

महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयात आणि ते नसेल तिथे दिवाणी न्यायाधीशांपुढे चालत आले आहेत. दावा ऐकणाऱ्या या न्यायाधीशांनाच कायद्यात ‘आयुक्त’ म्हणतात. कुठे दाखल करायचा याचे तीन पर्याय असतात: अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता ते ठिकाण किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय असलेले ठिकाण. बीड-लातूरचा कामगार पुण्यात जखमी झाला तर तो गावाकडेही दावा लावू शकतो. मात्र सोबती साक्षीदार आणि डॉक्टर पुण्याचे असतील तर त्यांना दर तारखेला बीडला कोण आणणार, याचा विचार आधी करा. साक्षीदारांवर केस उभी असेल तर अपघाताची जागा बरी, कागद पक्के असतील तर घर बरे.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे:

- केसपेपर, एमएलसी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, बिले
- पोलीस जबाब, पंचनामा, असल्यास एफआयआरची प्रत
- कामगार असल्याचा पुरावा: ओळखपत्र, गेटपास, पगार स्लिप, बँक पासबुकातील पगाराच्या नोंदी, पीएफचे पासबुक, हजेरीचा फोटो
- वयाचा पुरावा आणि आधार
- अपंगत्वाचे व कमाईच्या घटीचे प्रमाणपत्र
- नोटिशीची प्रत आणि पोस्टाची पोचपावती
- मालकाच्या विमा पॉलिसीचा नंबर, मिळत असल्यास
- इजा झालेल्या अवयवाचे स्पष्ट फोटो

ठेकेदाराकडच्या कामगाराकडे बहुधा यातले निम्मेही नसते. त्याच्यासाठी गेटपास आणि पीएफचे पासबुक हे सगळ्यात भक्कम कागद. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करून अपघाताची सूचना आणि निरीक्षकाचा अहवाल मागा. मालक न्यायालयात ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणत असतो आणि त्यानेच पाठवलेल्या सूचनेत तुमचे नाव असते, असेही घडते.

## ७. मालकाची ठरलेली उत्तरे

‘तुझीच चूक होती.’ निष्काळजीपणा हा बचाव नाही. दारू किंवा नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडणे, गार्ड मुद्दाम काढून टाकणे, एवढीच कारणे चालतात, आणि तीही मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर चालत नाहीत. उत्पादन वाढवण्यासाठी सुपरवायझरनेच गार्ड काढायला लावला असेल तर ते अर्जातच लिहा.

‘तू पर्मनंट नाहीस.’ पर्मनंट असावे लागत नाही. रोजंदारीवरचा, ठेकेदाराचा, चार दिवसांपूर्वी लागलेला, सगळे येतात.

‘घरी जाताना लागले, कामावर नाही.’ ईएसआयमध्ये येता-जातानाचा अपघात २०१० पासून धरला जातो, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर. नव्या संहितेत नुकसानभरपाईलाही हेच लागू आहे. जुन्या कायद्याखालच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल उपयोगी आहे. मराठवाड्यातल्या साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे ३ च्या पाळीला मोटारसायकलवर जाताना कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर मरण पावला, आणि त्याच्या कुटुंबाची उच्च न्यायालयाने नाकारलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने परत दिली.

‘विमा कंपनी देईल, तिच्याकडे जा.’ तुमचा हक्क मालकाकडेच आहे. विमा कंपनीला दाव्यात पक्षकार करून घ्या म्हणजे रक्कम निघायला सोपे जाते. पण उशिराचा दंड मालकाच्याच खिशातून जातो, त्यामुळे त्याला बाहेर सोडू नका.

## ८. तडजोड करायची असेल तर

तडजोड वाईट नाही. निकाल कायद्याच्या अपेक्षेप्रमाणे ३ महिन्यांत लागत नाही, वर्षे जातात. पण कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा न कळणाऱ्या इंग्रजी मजकुरावर सही करू नका. ‘सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही’ असे लिहून घेऊन हक्क काढून घेता येत नाही, असा करार कायद्याने रद्दबातल आहे. तरीही तो कागद न्यायालयात तुमची दोन वर्षे खातो.

योग्य पद्धत म्हणजे करार लेखी करून आयुक्तांकडे नोंदवणे. रक्कम फारच कमी असेल किंवा दबाव टाकलेला दिसला तर ते नोंदणी नाकारू शकतात. पैसे चेकने किंवा बँकेतून घ्या. पावतीवर हे पैसे उपचाराचे, पगाराचे की भरपाईचे, हे स्पष्ट लिहा, कारण भरपाईपोटी मिळालेले पैसेच पुढे वजा होतात.

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने घरी येऊन विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई धरलेच जात नाहीत. रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. फक्त आगाऊ म्हणून ३ महिन्यांच्या वेतनाइतके थेट देता येतात. विधवा, अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले, अविवाहित मुलगी, विधवा आई हे आपसूक अवलंबित. बाकीच्यांनी आपण त्याच्या कमाईवर जगत होतो हे दाखवायचे. सासरचे आणि विधवा यांच्यात वाद असेल तर वाटणी आयुक्त ठरवतात. मृत कामगार ४० वर्षांचा, वेतन १४,००० असेल तर ७,००० गुणिले १८४.१७, म्हणजे १२,८९,१९० रुपये. दारात येणाऱ्या मध्यस्थाशी बोलण्याआधी एवढा हिशेब करून बसा.

## ९. वकील आणि फी

टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांना त्यांच्या आचारनियमांनीच मना आहे. ‘मिळेल त्यातले ३० टक्के’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा, ठरावीक फी ठरवा आणि पावती घ्या. रुग्णालयाबाहेर आपणहून भेटणाऱ्या एजंटाला केसपेपरच्या मूळ प्रती देऊ नका.

औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असते, हेल्पलाइन १५१००. मोफत वकील म्हणजे कमी दर्जाचा असे समजू नका. फक्त नेमलेल्या वकिलाने कामगार न्यायालयात काम केले आहे का, ते विचारून घ्या. नसेल तर बदलून मागता येतो.

## १०. सोबतचे रस्ते

ड्रायव्हर, क्लीनर किंवा कामासाठी रस्त्यावर असलेल्या माणसाला मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही पर्याय असतो, पण दोहोंपैकी एकच. समोरच्या गाडीची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त निघते. स्वतःच्या चुकीने गाडी उलटली असेल तर नुकसानभरपाई कायदाच कामाचा. मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून हा निर्णय लवकर घ्या.

बांधकाम कामगाराने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली असेल तर मंडळाची मदत भरपाईहून वेगळी मिळते. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम, अशी नोंदणीची अट आहे. नोंदणी अपघाताआधीची आणि नूतनीकरण केलेली हवी. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा दावाही वेगळा करा. अनेक घरांत हा विमा आहे हेच माहीत नसते, पासबुकात कपात शोधा.

निष्काळजीपणाची फौजदारी तक्रार वेगळी चालते. तिच्यातून भरपाई मिळत नाही, पण पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब मिळतात. ती मागे घेण्याच्या बदल्यात पैसे, असा सौदा पोलीस ठाण्याच्या बाकावर करू नका.

## ११. निकालानंतर

मालक अपिलात उच्च न्यायालयात गेला तर ठरलेली पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते. ती जमा झाली की अपील चालू असतानाच काही भाग काढून मिळावा म्हणून अर्ज करा.

तो अपिलातही गेला नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. आयुक्तांकडून वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि पुढे तहसीलदारांकडे. इथे फाइल महिनोन्‌महिने पडून राहण्याचे कारण साधे आहे: जप्त काय करायचे हे तहसील कार्यालयाला माहीत नसते. एमआयडीसीचा प्लॉट नंबर, मालकाच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा, बँक आणि शाखा, गाड्यांचे नंबर ही माहिती तुम्हीच अर्जासोबत द्या आणि महिन्याला एकदा आवक नंबर दाखवून चौकशी करा. शेड भाड्याची असेल तर भाडेकराराची प्रत शोधा. अशा मालकाची मशिनरी हीच त्याची मालमत्ता असते, आणि निकालाची कुणकुण लागली की ती रात्रीतून हलते. तशी शंका आली तर निकालाआधीच मालमत्ता विकण्यास मनाई मागणारा अर्ज वकिलाकडून द्या.

रक्कम तुमच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा व्हावी असे लिहून द्या. अज्ञान मुलांचा वाटा न्यायालय मुदत ठेवीत ठेवते. त्या ठेवीची पावती कोणाकडे आहे, व्याज दरमहा मिळणार की मुदतीअखेर, आणि शाळेच्या फीसाठी मधेच पैसे लागले तर अर्ज कुठे करायचा, हे निकालाच्या दिवशीच न्यायालयाच्या कार्यालयातून लिहून घ्या.